इलेक्ट्रिक पिकअपने ट्रेलर ओढायचा का? माझा तीन वर्षांचा हिशोब

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे की तुमचा अमेरिकेत छोटासा रीमॉडेलिंगचा (जुनी घरं नव्याने करून द्यायचा) धंदा आहे, रोजचं फिरणं ६०-७० मैल, मागे ७ बाय १४ फुटांचा बंद ट्रेलर असतो, पंधरवड्यातून एकदा भाड्याचा मिनी एक्स्कॅव्हेटर (खोदायचं छोटं मशीन) आणायचा असतो आणि वर्षातून तीन-चार वेळा घरच्यांना घेऊन कॅम्पर (राहायची सोय असलेला ट्रेलर) ओढत लांब जायचं असतं. पेट्रोलचा ट्रक आता थकलाय. तर इलेक्ट्रिक पिकअप घ्यावा का, आणि "ओढताना रेंज अर्धी होते" हे खरं की लोक उगाच घाबरवतात?

आधी हे सांगतो की मी गाड्या विकत नाही. इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर आहे, आमच्याकडे पाच ट्रक आहेत, त्यातले दोन इलेक्ट्रिक, पहिला येऊन तीन वर्षं झाली. चार्जर बसवायची कामं पण करतो त्यामुळे दुसऱ्यांचे घोटाळे पण बघायला मिळतात. कंपन्यांबद्दल माझ्या ज्या तक्रारी आहेत त्यात नावं घेणार नाही, पण बाजारातल्या ट्रकचे आकडे नावानिशी देतो म्हणजे तुम्हाला ताडून बघता येईल.

रेंज अर्धी होते हे खरं आहे. पण ती कशामुळे अर्धी होते हे बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. लोकांना वाटतं वजनामुळे. वजनाचा हात आहे पण खरं घोडं पेंड खातं ते वाऱ्यापाशी. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ५५ मैलांवरून ७० वर गेलात तर वाऱ्याशी झगडायला प्रत्येक मैलामागे साधारण ६० टक्के जास्त वीज लागणार. आणि तुमचा तो बंद ट्रेलर म्हणजे मागे कपाट उभं करून पळवण्यासारखं आहे, आत एक खिळा नसला तरी.

माझा पहिला धडा असाच. एक उंच बंद ट्रेलर, जवळजवळ रिकामा, पलीकडच्या गावाहून आणायचा होता. रिकामाच आहे म्हणून मी निवांत, हायवेला ताशी ६८ मैल, समोरून वारा. ट्रकच्या मोठ्या बॅटरीत १२०-१३० युनिटच्या आसपास वीज मावते (किलोवॅट-तास म्हणजेच लाइट बिलातलं युनिट, मी पुढे युनिटच म्हणतो), एकटा ट्रक हायवेला एका युनिटमध्ये दोन मैलांच्या वर सहज जातो. त्या दिवशी स्क्रीनवर ०.९ दिसत होतं. घर ५० मैल आणि रेंज ५८ मैल असं दिसायला लागलं तेव्हा मी एसी बंद केला, उजव्या लेनला आलो, ५५ वर आलो, मागून ट्रकवाले हॉर्न देतायत. पोचलो ११ टक्क्यांवर. घामाघूम. त्याच्या पुढच्याच आठवड्यात खुल्या बुटक्या ट्रेलरवर मिनी एक्स्कॅव्हेटर टाकून आणला, ट्रेलर धरून ५,५०० पौंडांच्या पुढे वजन, पण सगळा रस्ता गावातला, ४०-४५ चा वेग, तर युनिटला दीड मैल मिळाला. तिप्पट वजन आणि खर्च कमी! तेव्हापासून कोणी विचारलं की "किती वजन ओढतो" तर मी उलट विचारतो, ट्रेलर किती उंच आणि रस्ता कोणता.

चढाचं गणित मात्र वजनाचं. ट्रक आणि ट्रेलर मिळून ६,००० किलो धरा आणि घाटात १,००० मीटर उंची चढायची आहे, तर नुसती ती उंची गाठायला १६ युनिट लागतात, वर मोटारीतला तोटा आणि वारा वेगळा. उतरताना त्यातला बराच भाग रीजनने (मोटरच ब्रेकचं काम करते आणि वीज परत बॅटरीत भरते) परत मिळतो, पेट्रोलच्या ट्रकमध्ये ती सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात जाते. म्हणून घाट चढताना आकडा धडाधड खाली आला तरी लगेच घाबरू नका, पलीकडे उतार असेल तर थोडी वसुली होते. पण एक लक्षात ठेवा की वर घाटमाथ्यावर राहून सकाळी १०० टक्के भरून उतरायला लागलात तर बॅटरीत जागाच नाही, रीजन मिळणार नाही, आणि अख्खं वजन साध्या ब्रेकवर येणार. वर मुक्काम असेल तर ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा.

आता पेट्रोलवाल्याची पण अर्धी होतेच की, असं कोणीतरी म्हणणारच. हो होते. २० चं मायलेज १० वर येतं. पण त्याच्या टाकीकडे बघा. एका गॅलन पेट्रोलमध्ये ३३.७ युनिट ऊर्जा असते. फोर्ड एफ-१५० लाइटनिंगची मोठी बॅटरी १३१ युनिटची, म्हणजे चार गॅलनसुद्धा नाही! इलेक्ट्रिक मोटर इंजिनापेक्षा तिप्पट-चौपट काटकसरी म्हणून तेवढ्यात ती कागदावर ३२० मैल जाते. पण ३६ गॅलनच्या टाकीवाला ट्रक १० च्या मायलेजने पण साडेतीनशे मैल ओढत नेतो आणि पाच मिनिटांत परत भरतो. लहान टाकी अर्धी झाली की टोचते, मोठी अर्धी झाली तर कळत पण नाही, एवढाच फरक आहे, पण तोच सगळा फरक आहे.

लांबच्या प्रवासात तर पूर्ण बॅटरी पण वापरायला मिळत नाही. १० टक्क्यांच्या खाली जायची हिंमत होत नाही आणि ८० च्या वर फास्ट चार्जर इतका मंदावतो की उभं राहण्यात अर्थ नाही. म्हणजे १३१ मधले ९० च्या आसपास युनिट हातात, कॅम्पर मागे असेल तर युनिटला एक मैल, म्हणजे दर ९० मैलांना थांबा. प्रत्येक वेळी ४० मिनिटं ते पाऊण तास. ३०० मैलांच्या प्रवासाला तीन थांबे. पोरं मागे बसलेली असतील तर तुम्हीच ठरवा.

आणि तो थांबा कसा असतो ते पण सांगतो कारण माहितीपत्रकात हे कधी येत नाही. बहुतेक फास्ट चार्जरच्या जागा कारसाठी आखलेल्या, तोंड आत घालून उभं राहायचं, मागे ट्रेलर असेल तर तो अख्खा रस्ता अडवतो. आरपार जाता येईल अशा जागा हळूहळू वाढतायत पण तुमच्या वाटेवर असतीलच असं नाही. मग काय, पार्किंगच्या कोपऱ्यात जायचं, ट्रेलरच्या चाकांना उटी (पाचर) लावायची, जॅक फिरवत बसायचं, सेफ्टी चेन काढायच्या, ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) काढायची, दिव्यांचा आणि ब्रेकचा सात पिनांचा प्लग काढायचा, मग ट्रक पुढे नेऊन चार्जिंगला लावायचा. झालं की सगळं उलट्या क्रमाने. पावसात एकदा हे करताना मी जॅकचं चाक वर घ्यायचं विसरलो आणि दहा फूट ते फरफटत नेलं, मागून एका बाईंनी हात केला म्हणून कळलं. सुटं करणं-जोडणं मिळून २० मिनिटं जातात ती "४१ मिनिटांत ८० टक्के" ह्या आकड्यात कुठेच नसतात.

त्यात चार्जिंगचं तोंड ट्रकला कुठे आहे हा एक वेगळाच विनोद आहे. टेस्लाचे सुपरचार्जर फेब्रुवारी २०२४ पासून फोर्डच्या गाड्यांना खुले झाले, मग रिव्हियन, जीएम असे बाकीचे पण आले, चांगलंच झालं, जागा एकदम वाढल्या. पण ते खांब टेस्लाच्या गाड्यांसाठी बनवलेले, त्यांचं तोंड मागच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणून केबल आखूड. लाइटनिंगचं तोंड पुढच्या डाव्या चाकाच्या वर. मग ट्रक तिरका लावून दोन जागा अडवायच्या आणि बाकीच्यांच्या नजरा झेलायच्या. नव्या खांबांना लांब केबल येतेय, ते बघून थांबा निवडा.

हे वाचून वाटेल की मी नको म्हणतोय. तसं नाही. माझ्या पाचातला सगळ्यात कमी कटकटीचा ट्रक इलेक्ट्रिकच आहे, कारण तो रोज संध्याकाळी एकाच जागी येऊन उभा राहतो. तुम्हाला विचारायचा पहिला प्रश्न हाच, रात्री ट्रक कुठे उभा असतो? घराच्या किंवा यार्डच्या भिंतीला स्वतःचा चार्जर लावता येत असेल तर पुढे वाचा, रस्त्यावर किंवा अपार्टमेंटच्या सामाईक पार्किंगला उभा राहत असेल तर हा विषय इथेच सोडा, कामाच्या ट्रकला रोज फास्ट चार्जरवर नेणं म्हणजे रोज हॉटेलात जेवण्यासारखं आहे, वेळ पण जातो आणि खिशाला चाट पण बसते.

खिशाचं गणित आकड्यांत सांगतो. घरी युनिट १६ सेंटला पडत असेल आणि ट्रेलरसकट युनिटला एक मैल मिळत असेल तर मैलाला १६ सेंट. तोच ट्रक बाहेर ५० सेंटच्या दराने भरलात तर मैलाला ५० सेंट. पेट्रोलचा ट्रक १० च्या मायलेजने, गॅलन सव्वातीन डॉलर धरला तर मैलाला ३२-३३ सेंट. म्हणजे घरी भरलं तर पेट्रोलच्या निम्म्यात, बाहेर भरून ओढलं तर पेट्रोलपेक्षा दीडपट महाग. तुमचे दर तुमच्या बिलावर बघून घाला, पण चित्र साधारण असंच राहतं.

घरच्या चार्जरचं आता जरा सविस्तर, कारण इथे माझा हात रोज असतो. साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर १२ अँप म्हणजे दीड किलोवॅट पण नाही, रात्रभरात १५-१७ युनिट, एकट्या ट्रकचे ३५ मैल. ट्रेलरवाल्याला हे पुरत नाही. २४० व्होल्टचं स्वतंत्र सर्किट पाहिजे. चार्जिंग हा तासन्तास चालणारा लोड, त्यामुळे नियमाने ब्रेकरच्या ८० टक्केच वापरायचे, ५० च्या ब्रेकरवर ४० अँप म्हणजे ९.६ किलोवॅट, ६० च्या ब्रेकरवर ४८ अँप म्हणजे ११.५ किलोवॅट. तुमचा रोजचा ६०-७० मैलांचा फेरा ट्रेलरसकट धरला तरी ६० युनिटच्या आसपास, म्हणजे ९.६ वर सहा-सात तासांत भरून होतो. ८० अँपच्या चार्जरच्या मागे लागू नका. विकणारा गळ्यात मारायला बघेल, पण रात्रीचे दहा तास ट्रक उभाच असतो, त्याला कसली घाई?

आणि कृपा करून ते स्वस्तातलं १४-५० सॉकेट (२४० व्होल्ट, ५० अँपचं) लावू नका. ते स्वयंपाकाच्या ओव्हनसाठी असतं, ओव्हन तासभर चालतो आणि बंद होतो, हे रोज रात्री सात तास ४० अँप. मी काढलेली अशी सॉकेटं दाखवीन तुम्हाला, प्लास्टिक तपकिरी होऊन पघळलेलं, पितळी पट्टी निळसर झालेली, वास अजून जात नाही. एके ठिकाणी मालक म्हणाले, "गरम व्हायचं, पण चार्ज होत होतं ना!" घरात आग लागली नाही हे नशीब. थेट वायर जोडून चार्जर बसवा, सॉकेटच पाहिजे असेल तर इंडस्ट्रियल दर्जाचं घ्या आणि स्क्रू टॉर्क रेंचने दिलेल्या मापालाच आवळून घ्या, अंदाजाने नाही.

पॅनल २०० अँपचा असेल तर बहुतेक वेळा जागा निघते. १०० अँपचा असेल आणि घरात इलेक्ट्रिक ड्रायर, ओव्हन, गरम पाणी सगळं विजेवर असेल तर आधी लोडचं गणित करून घ्या, लगेच पॅनल बदलायला हजारो डॉलर घालू नका, घराचा लोड वाढला की स्वतःहून कमी होणारे चार्जर मिळतात, त्यावर भागतं. यार्डला कमर्शियल मीटर असेल तर वेगळीच गंमत. तिथे बऱ्याच ठिकाणी डिमांड चार्ज असतो, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात जास्त १५ मिनिटांच्या लोडवर आकारणी. पहिल्या महिन्यात आमची पोरं संध्याकाळी पाचला आली, दोन्ही ट्रक प्लग केले, शेडमध्ये कॉम्प्रेसर आणि एसी चालूच, बिल बघून माझ्याच तोंडचं पाणी पळालं, आणि मी म्हणे इलेक्ट्रिशियन! दुसऱ्या दिवशी टायमर रात्री अकराचा लावला, त्यानंतर त्रास नाही.

आता कामाच्या जागेवरचं. इथे मात्र हा ट्रक सोनं आहे. लाइटनिंगला ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देता येते (सगळ्या व्हेरियंटला नाही, विकत घेताना बघून घ्या), मागच्या बाजूला २४० व्होल्टचं सॉकेट पण मिळतं, सायबरट्रक आणि सिल्व्हराडो ईव्हीत पण अशी सोय आहे. जिथे मीटर अजून आलेला नाही अशा बांधकामावर आम्ही जनरेटर न्यायचं बंद केलं. जनरेटर नाही म्हणजे कॅन नाही, धूर नाही, दोरी ओढणं नाही, आणि मुख्य म्हणजे आवाज नाही, सकाळी सातला काम सुरू केलं तरी शेजारी दार उघडून बाहेर येत नाहीत. करवत चालते तेव्हा १,८०० वॅट खाते पण चालते किती, मिनिटभर, मग माप घेणं, चहा, गप्पा. दोन माणसांचं दिवसभराचं काम, बॅटरीवरच्या हत्यारांचे चार्जर धरून, आमचं ४-५ युनिटमध्ये होतं. म्हणजे आठ-दहा मैलांची वीज. फक्त मोठा जुना कॉम्प्रेसर सुरू होताना जो झटका मारतो त्याला कधीकधी सॉकेट ट्रिप होतं, त्यावेळी सॉकेटवरचं बाकी सगळं बंद करून आधी कॉम्प्रेसर सुरू करायचा. आणि घरी परतायला लागेल तेवढी वीज राखून ठेवायची सेटिंग असते ती पहिल्याच दिवशी लावा.

एक धोक्याची गोष्ट. लाइट गेले की ट्रकचं सॉकेट उलट्या वायरीने घराच्या पॅनलला जोडायचा मोह होतो. नका करू. ट्रान्सफर स्विच किंवा इंटरलॉक (घर एका वेळी बाहेरच्या लाइनला किंवा ट्रकलाच जोडू देणारी सोय) नसेल तर तुमची वीज बाहेरच्या लाइनवर जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. आणि इंटरलॉक असला तरी ट्रकच्या सॉकेटला स्वतःचा जीएफसीआय (गळती दिसली की वीज तोडणारा स्विच) असतो, घराच्या पॅनलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असतात, त्यामुळे तो जोडल्या जोडल्या ट्रिप होतो. ट्रक खराब आहे असं म्हणून लोक फोन करतात. ट्रक बरोबर आहे, त्याला न्यूट्रल पण तोडणारा ट्रान्सफर स्विच लागतो.

ओढायच्या ताकदीबद्दल बोलायचं तर ती चर्चाच करू नये इतकी आहे. लाइटनिंग १०,००० पौंडांपर्यंत, रिव्हियन आर१टी आणि सायबरट्रक ११,००० पर्यंत. सिग्नलला ट्रेलर मागे आहे हे विसरायला होतं. ट्रेलर मागे घेताना तर असा आवाक्यात राहतो, इंच इंच सरकतो. पण हेच जरा वाईट पण आहे. पेट्रोलचं इंजिन कण्हतं, गिअर खाली पडतो, माणसाला वजन कळतं. हा ट्रक काही जाणवूच देत नाही. म्हणून टायरची हवा, हिचची (ट्रेलर जोडायच्या सांध्याची) पिन, ट्रेलरचे दिवे हे डोळ्यांनी रोज बघायचं, अंगाला कळायची वाट बघायची नाही.

लोक ओढायचा आकडा बघतात आणि दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर बघत नाहीत. तिथे पेलोड लिहिलेला असतो, म्हणजे ट्रकच्या अंगावर एकूण किती. बॅटरीच इतकी जड की हा आकडा बऱ्याच इलेक्ट्रिक ट्रकला तोकडा पडतो. समजा स्टिकरवर १,७०० पौंड आहे. दोन माणसं ४००. मागे हत्यारं, शिडी, वायरची बंडलं ५००. ट्रेलर भरून ६,५०० चा, त्याच्या १० ते १५ टक्के वजन हिचच्या गोळ्यावर खाली पडायला पाहिजे नाहीतर ट्रेलर शेपटी हलवतो, म्हणजे आणखी ८०० धरा. झाले १,७००. संपलं! ओढायची मर्यादा १०,००० आणि तुम्ही साडेसहा हजारातच भरून गेलात. ५,००० च्या वर जाणार असाल तर बऱ्याच पिकअपला वेट डिस्ट्रिब्युशनचा (वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणारा) हिच लागतो, मॅन्युअलमध्ये बघा. आणि धंद्यासाठी राज्याबाहेर जात असाल तर ट्रक-ट्रेलरची मिळून रेटिंग १०,००१ पौंडांना पोचली की यूएसडॉट (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा नोंदणी) नंबर लागतो, ट्रेलर लावला की हे सहज ओलांडलं जातं आणि लोकांना तपासणीच्या वेळीच कळतं.

ब्रेकचं एवढंच सांगतो की पाय उचलल्यावर ट्रक रीजनने थांबतो तेव्हा ट्रेलरचे ब्रेक बहुतेक वेळा लागतच नाहीत, ट्रेलर मागून ढकलत राहतो. कोरड्या रस्त्यावर चालतं. पावसात, बर्फात मी वन-पेडल (पाय उचलला की आपोआप थांबायची सेटिंग) बंद ठेवतो आणि ब्रेकवर पाय देऊनच थांबतो.

थंडीची गोष्ट छोटी पण महत्त्वाची. शून्याच्या बऱ्याच खाली तापमान, सकाळी थंड बॅटरी, हीटर चालू आणि मागे ट्रेलर असं सगळं एकत्र आलं की माझी रेंज कागदावरच्या एक तृतीयांशावर येते. प्लग लावलेला असतानाच निघायच्या आधी अर्धा तास गरम करायचं, म्हणजे ती वीज भिंतीतून जाते, बॅटरीतून नाही.

देखभाल कमी आहे, तेलपाणी नाही, ब्रेक पॅड झिजतच नाहीत म्हटलं तरी चालेल. टायर मात्र खातो, वजन आणि तो झटका. आणि साधी छोटी १२ व्होल्टची बॅटरी मेली की एवढा मोठा बॅटरीचा डोंगर असून ट्रक दार पण उघडत नाही, हे आमच्याकडे दोनदा झालं, बरोबर छोटा जंप पॅक ठेवा. मोठी दुरुस्ती निघाली तर हाय व्होल्टेज शिकलेला मेकॅनिक असलेलं सर्व्हिस सेंटर जवळ आहे का ते आधीच बघा, आमचा एक ट्रक एका कनेक्टरसाठी पाच आठवडे उभा होता आणि तेवढे दिवस आम्ही भाड्याच्या पेट्रोल ट्रकवर काढले.

बाजाराचं पण बघून घ्या. ७,५०० डॉलरची फेडरल सवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली, धंद्याच्या गाड्यांची पण. राम कंपनीने त्याच महिन्यात निव्वळ बॅटरीवरचा मोठा पिकअप सोडून दिला आणि फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये लाइटनिंगचं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं, पुढचा लाइटनिंग बॅटरीसोबत पेट्रोल जनरेटरवाला असेल म्हणाले. दुसऱ्या टोकाला सर्वात मोठ्या बॅटरीचा सिल्व्हराडो ईव्ही, २०० युनिटच्या वर बॅटरी, ओढत नसताना ४५० मैल आणि त्याच्या पुढे, पण मग वजन पण तसंच, आणि ती भरायला घरच्या चार्जरला रात्र कमी पडते. माझं मत विचाराल तर बॅटरी वाढवत नेण्यापेक्षा जनरेटरवाला उपाय लांब ओढणाऱ्यांसाठी जास्त शहाणपणाचा आहे. मात्र ह्या सगळ्याचा तुम्हाला एक फायदा आहे, दोन-तीन वर्षं वापरलेले इलेक्ट्रिक ट्रक नव्याच्या मानाने बरेच उतरलेले मिळतात, आणि बॅटरीची वॉरंटी साधारण ८ वर्षं किंवा १,००,००० मैल असते ती शिल्लक असते. मी दुसरा ट्रक असाच घेतला. घेताना फक्त टो पॅकेज (ट्रेलर ओढायची कंपनीची जोडणी) आहे ना ते बघा, नंतर बसवायला गेलात तर रडाल.

तर तुमचं. रोजचे ६०-७० मैल, बंद ट्रेलर, हे मोठ्या बॅटरीवर आरामात होतं, हिवाळ्यातही होईल पण वाईट दिवशी काठाकाठाने. लहान ९८ युनिटची बॅटरी घेऊ नका, कागदावर पुरते, जानेवारीत पुरत नाही. मिनी एक्स्कॅव्हेटरची चिंताच नको. कॅम्परसाठी मात्र ह्या ट्रकला ताणू नका, वर्षातून चार वेळा डिझेलचा ट्रक भाड्याने घ्या, पण कराराच्या कागदावर ट्रेलर ओढायची परवानगी लिहिलेली आहे का ते बघून, कारण बऱ्याच ठिकाणी ती नसते. जुना ट्रक चालू स्थितीत असेल तर तो विकूच नका, त्यालाच कॅम्परसाठी ठेवा, विमा कमी मैलांचा करून घ्या.

घ्यायच्या आधी दोन आठवडे वहीत रोज लिहा, किती मैल, त्यातले ट्रेलरसकट किती, हायवे किती. सगळ्यात लांबचा दिवस कोणता निघतो त्यावर ठरवा, सरासरीवर नाही. आणि आजच गॅरेजमध्ये जाऊन पॅनलचं दार उघडा, सगळ्यात वरच्या मोठ्या ब्रेकरवर १०० लिहिलंय की २००, ते बघून ठेवा, झाकणाचे स्क्रू मात्र काढू नका.